दुःखाची कैफियत कोणी ऐकायची?

महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी सकाळी तासभर बसून राहिले, तर चाळिशीच्या आसपासची एखादी स्त्री वैद्यकीय अधिकाऱ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसते आणि त्याने काही विचारण्यापूर्वीच सांगू लागते की, अंगात ताकद म्हणून नाही, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड असते, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, आणि रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. तिचे सांगणे पुरे होण्याच्या आतच केसपेपरवर रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उमटलेल्या असतात. आणि ती उठता उठता ‘एक सलाईन लावा की, डॉक्टर’ अशी जी विनंती करते, ती मान्य झाली तरच आपली दखल घेतली गेली असे समाधान मानून घरी जाते. सोसायटीचे कर्ज थकले आहे, थोरल्या मुलीचे ठरलेले लग्न फिसकटले आहे, नवरा संध्याकाळनंतर शुद्धीवर नसतो, यांपैकी एकही गोष्ट त्या कागदावर येत नाही. कारण त्या कागदावर असल्या गोष्टींसाठी रकानाच नसतो, आणि बाहेर साठ-सत्तर माणसे खोळंबलेली असतात.

ही स्त्री खोटे बोलते काय? मुळीच नाही. तिचे अंग खरोखरच दुखते. गोव्यात या शतकाच्या आरंभी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांची शास्त्रशुद्ध तपासणी केली, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गाशी जितका आढळला, त्याहून अधिक तो मनाच्या खिन्नतेशी आणि घरातील दुय्यम वागणुकीशी आढळला. आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजण्याचेही कारण नाही. चीनमध्ये हुनान प्रांतातील चांग्शा येथे १९८० साली आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मज्जातंतूंच्या दौर्बल्याचे निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. त्यांतील सत्त्याऐंशी जण त्याच्या शास्त्राप्रमाणे तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसत होते, परंतु ते तक्रार करीत होते ती डोकेदुखीची, चक्कर येण्याची आणि निद्रानाशाची. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या देशात मन खचले म्हणणे हा राजकीय अपराध ठरण्याचा संभव होता. मज्जातंतू थकले म्हणण्याला मात्र कोणाची हरकत नव्हती, उलट त्या दाखल्यावर काम हलके करून मिळण्याची सोय होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, दुःख हे जरी माणसाचे स्वतःचे असले, तरी त्याची कैफियत कोणत्या नमुन्यात लिहायची हे त्याच्या हाती नसते. ती ज्या कचेरीत दाखल व्हायची असेल, त्या कचेरीला मान्य असलेल्या नमुन्यातच तिला लिहावे लागते. दवाखाना अशक्तपणा दाखल करून घेतो, म्हणून तेथे अशक्तपणा जातो. देवस्थान भूतबाधा दाखल करून घेते, म्हणून तेथे भूत जाते. अर्थात याचा अर्थ विकारच मुळात संस्कृतीने निर्माण केलेला असतो असा नव्हे. एमिल क्रेपेलिन हा जर्मन मानसोपचारतज्ज्ञ १९०४ साली याच शंकेचा निकाल लावण्यासाठी जर्मनीहून जावा बेटापर्यंत गेला आणि बुद्धिभ्रंशाचे जे भयंकर रूप त्याने स्वदेशी वर्णिले होते, ते तेथील मनोरुग्णालयातही, काही फरकाने का होईना, पाहून परतला. त्या फरकाचाच येथे विचार करावयाचा आहे.

राजस्थानात दौसा आणि करौली जिल्ह्यांच्या सीमेवर मेहंदीपूर येथे बालाजीचे, म्हणजे आपल्या मारुतीचे, जे देवस्थान आहे, तेथे तर ही कचेरी शब्दशः भरते. बालाजी हा तेथील राजा, प्रेतराज हे सरकार आणि भैरव हा कोतवाल. पीडित माणसाने आधी दरख्वास्त द्यावयाची, मग अर्जी लावावयाची, आणि या दोहोंचा ठराविक नैवेद्य चढविल्यावर त्याच्या देहातील ‘संकट’ घुमू लागले, म्हणजे त्याची ‘पेशी’ सुरू झाली असे समजावयाचे. मग ते कोण, कोठून आले, कशासाठी धरले आणि कोणत्या अटीवर सोडणार, याचे जाबजबाब भर मंडपात होतात. सुधीर कक्कड यांच्यासारख्या फ्रॉइडच्या परंपरेत शिकलेल्या मनोविश्लेषकाने या देवस्थानात बसून जे पाहिले, ते १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि या दरबाराकडे थट्टेचा विषय म्हणून नव्हे, तर एक उपचारपद्धती म्हणून पाहावे असे सुशिक्षितांना सुचविले. सासरच्या उंबऱ्याच्या आत जिने कधी वर मान करून शब्द काढलेला नसतो, ती सून अशा ठिकाणी केस मोकळे सोडून सासऱ्याला अरेतुरे करते, नवऱ्याचा उद्धार करते, आपल्या मागण्या ठणकावून सांगते. आणि भोवती जमलेले आप्तजन ते सारे मुकाट्याने ऐकून घेतात, कारण बोलते ते भूत, सून नव्हे. बोलण्याचा दोष भुताच्या माथी आणि बोलून मोकळे होण्याचा लाभ सुनेला, अशी ही तजवीज आहे, आणि तिच्यातील चातुर्याला दाद न देणे कोत्या मनाचे ठरेल. मात्र या दरबाराचा निकाल भुतापुरताच असतो. सासऱ्यावर त्याचा कोणताही हुकूम बजावला जात नाही, आणि सून गाडीत बसून परतते ती त्याच घरी परतते.

याच संदर्भात आपल्या महाराष्ट्राविषयीचा एक अभ्यास मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी येथील एका महानुभाव मंदिरात राहून मनोरुग्णांच्या कुटुंबांचे निरीक्षण केले आणि आपले निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले. (देवतांची उपासना नाकारून एका परमेश्वरालाच मानणाऱ्या चक्रधरस्वामींच्या पंथाची मंदिरे लोकांनी भूतबाधेच्या निवारणासाठी गाठावीत, हा आपल्या धार्मिक इतिहासातील एक मासला आहे, पण त्याचा विचार पुन्हा केव्हातरी.) त्या मंदिरात रुग्णाला एकट्याला आणून सोडण्याची रीत नव्हती. आई, बायको, बहीण अशी कोणीतरी त्याच्याबरोबर येऊन मुक्काम करी. आणि बाईंच्या ध्यानात आले ते असे की, आरतीच्या वेळी अंगात येई ते बहुधा त्या रुग्णाच्या नव्हे, तर त्याच्याबरोबर आलेल्या स्त्रीच्या. मुलाची पीडा आईने आपल्यावर ओढून घ्यावी, नवऱ्याची बायकोने घ्यावी, आणि घरावरचे अरिष्ट आपल्या देहावर निभावून न्यावे, असा हा उघड उघड आत्मबलिदानाचा प्रकार होता.

येथे आपल्याला दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. वेड लागले ते एका माणसाला नव्हे, तर साऱ्या घराला, ही समजूत रुग्णाला वाळीत पडू देत नाही. त्याच्या उशाशी कोणीतरी बसलेले असते, त्याचे नाव शिधापत्रिकेवरून आणि मनातून खोडले जात नाही. पाश्चात्त्य नगरांतील कित्येक मनोरुग्णांना हे सुख लाभत नाही. परंतु या सुखाची किंमत कोण मोजतो? सोसावयाची पाळी आली की ती घरातील स्त्रीवर येणार, हे त्या घरात कोणी ठरवीत नाही. ते ठरलेलेच असते. आणि तीच स्त्री स्वतः भ्रमिष्ट झाली, तर तिच्यासाठी घुमावयास कोण बसणार? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालयांत बऱ्या होऊनही घरी जाऊ न शकणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत, त्या या प्रश्नाचे उत्तर आहेत: सासरचे म्हणतात माहेरी पाठवा, माहेरचे म्हणतात ती दिलेल्या घरची, आणि रुग्णालयाने दिलेल्या पत्त्यावर पाठविलेले पत्र तसेच परत येते.

संस्कृतीचे गुणगान करणाऱ्यांनी हा जमाखर्च सहसा मांडलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत जो छिन्नमनस्कतेचा अभ्यास आरंभिला, त्यात आपले आग्रा हे एक केंद्र होते; आणि काही वर्षांनी पाहता आग्रा, नायजेरियातील इबादान अशा ठिकाणचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा अधिक सावरलेले दिसले, तेव्हा आपल्याकडे त्याचे श्रेय एकत्र कुटुंबपद्धतीला देऊन पुष्कळांनी पाठ थोपटून घेतली. त्या निष्कर्षांवर पुढे विद्वानांत बरीच वादावादी झाली आहे, आणि ती अद्याप मिटलेली नाही. पण ते सर्वस्वी खरे धरले, तरी ‘कुटुंब’ हा शब्द उच्चारताना आपण कोणाच्या श्रमांविषयी बोलत आहोत, हे त्या आकड्यांत कोठेच दिसत नाही. रात्री औषध चहात कालवून देणारी, मुलाने भिरकावलेले ताट गोळा करणारी, शेजाऱ्यांना ‘त्याला जरा बरं नाही’ असे हसून सांगणारी जी बाई असते, तिची नाडी त्या अभ्यासात कोणी पाहिली होती?

संस्कृतीचा संस्कार किती खोलवर जातो याचा दाखला हवा असेल, तर रुग्णाच्या कानात बोलणाऱ्या आवाजांचा घ्यावा. टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ, घानातील अक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी वीस छिन्नमनस्क रुग्णांना त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी खोदून विचारले. अमेरिकेतील रुग्णांना ते आवाज परक्याचे, हिंसक, मेंदूवर घातलेल्या दरोड्यासारखे वाटत होते. अक्रामध्ये अनेकांना देव बोलत होता. आणि चेन्नईत बोलत होती ती पुष्कळदा घरची वडीलधारी माणसे, जी रागेही भरत, पण आंघोळ कर, स्वयंपाकाला लाग, असेही बजावीत. मेंदूतील बिघाड तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा असेल. पण बिघडलेला मेंदूसुद्धा आपल्या घरचीच भाषा बोलतो, आणि म्हणून त्याच्यावर इलाज करू इच्छिणाऱ्याला ते घर ठाऊक असावे लागते.

देवस्थानांविषयी मग आपले धोरण काय असावे? या बाबतीत तमिळनाडूतील दोन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. रामनाथपुरम जिल्ह्यातील एर्वाडी येथील दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरे निघाली होती. नातेवाइकांनी पैसे द्यावेत आणि निघून जावे, चालकांनी रुग्णाला साखळीने बांधून ठेवावे, असा तेथला व्यवहार होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एका झावळ्यांच्या छपराला आग लागली आणि बांधलेली माणसे पळू न शकल्यामुळे अठ्ठावीस जीव गेले. त्यानंतर वर्षभरातच, २००२ साली, बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतील डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच राज्यातील मुथुस्वामी मंदिरात केलेल्या पाहणीचा वृत्तान्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पैसे घेत नसत, मारहाण नव्हती, साखळी नव्हती, आणि विशेष म्हणजे कसला खास विधीही नव्हता. रुग्णाने घरच्या एका माणसासह राहावयाचे, सकाळची पूजा झाली की झाडलोट, झाडांना पाणी घालणे असली कामे करावयाची, एवढेच. सरासरी सहा आठवडे राहिलेल्या एकतीस रुग्णांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी उतरलेली आढळली, जी सुधारणा कित्येक औषधांच्या तोडीची होती. एकतीस ही संख्या लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या पाहणीवर इमारत उभारता येणार नाही. परंतु दोन्हीकडे श्रद्धा तीच, दोन्हीकडे येणारे लोक त्याच थरातले, आणि तरीही एकीकडे माणसे जळून मेली व दुसरीकडे सावरली, हा फरक श्रद्धेने पडलेला नाही. तो पडला साखळीने, आणि बरोबर राहिलेल्या नातेवाइकाने.

हेच तत्त्व शास्त्रीय उपचारालाही लागू पडते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना त्याच्यासमवेत राहावयास लावले. खोल्या नव्हत्या आणि मनुष्यबळ अपुरे होते, या अडचणीतून निघालेली ही युक्ती रुग्ण लवकर घरी जाऊ लागल्यामुळे पुढे सर्व देशाला अनुकरणीय वाटली. आपल्या आयुर्वेदालाही हा विवेक अपरिचित नव्हता. चरकाने उन्मादाच्या प्रकारांत आगंतू, म्हणजे भूतादिकांमुळे होणारा, असा एक प्रकार मानला खरा, पण त्याच निदानस्थानात त्याने हेही बजावून ठेवले की, ज्याने स्वतःच्या प्रज्ञापराधाने, म्हणजे बुद्धीच्या चुकीने, स्वतःला पीडिलेले नाही, त्याला देव, गंधर्व वा राक्षस पीडा देत नाहीत. हा माणसावरच दोष टाकण्याचा प्रकार आहे, असा आक्षेप त्यावर घेता येईल, आणि मी तो घेतो. तथापि भुताच्या नावाने साऱ्या गोष्टींची वासलात लावण्यास त्याने साफ नकार दिला, हेही नोंदविले पाहिजे.

आता आपल्या सुधारकांकडे वळू. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि जो जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पायपीट केली, तो त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे सारे त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हे ठरले आहेत, आणि ते ठरलेच पाहिजेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई केली आहे. या दोन्ही कायद्यांच्या अंमलबजावणीत जो ढिलेपणा आहे, तो क्षम्य नाही. परंतु कायदा मांत्रिकाच्या हातातील चाबूक काढून घेऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने जावे कोठे, हे तो सांगू शकत नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे निष्पन्न झाले की, निरनिराळ्या मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचाराच्या बाहेर आहेत. ज्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, जिल्ह्याच्या गावी गेले तर दिवसाची मजुरी बुडते, आणि गेल्याचे कळले तर धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत विघ्न येते, त्या तालुक्यातील माणसाला ‘अंधश्रद्धा सोडा’ असे सांगणे म्हणजे त्याची एकमेव कचेरी बंद करून नवीचा पत्ता न देणे होय.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या नावाने जो उपक्रम चालला, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुजावरांना गंभीर विकाराची लक्षणे ओळखावयास शिकविले, दर्ग्याच्या परिसरातच मानसोपचाराची सोय केली, आणि दुआ घेऊन झाल्यावर दवा घेण्यास मुजावरानेच सांगावे अशी रीत पाडली. आपल्याकडील काही विवेकवादी मित्रांना यात तडजोड दिसेल. मला त्यात तडजोड दिसते आणि तरीही ती करावी असे वाटते, एका अटीवर: साखळी, मार आणि उपास यांच्याबाबतीत सरकारने मुजावराशी वा पुजाऱ्याशी कसलाही सौदा करता कामा नये, आणि आलेल्या स्त्रीला एकटीने, सोबतच्या माणसांना बाहेर बसवून, बोलावयास मिळालेच पाहिजे.

हे शेवटचे कलम मी आरोग्य केंद्रालाही लावीन. गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने केलेला जो प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात बारा सरकारी केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने निवडून, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिने शिकवून आरोग्य सल्लागार म्हणून तेथे बसविले होते. ते रुग्णाशी बोलत, झोपेची, श्वासाची, दिनक्रमाची चौकशी करीत, आणि मनोविकाराचा शिक्का न मारता चिंता आणि अंगदुखी यांचा परस्परसंबंध समजावून देत. ज्यांना औषध हवे त्यांना डॉक्टर ते देई. सरकारी केंद्रांत याचा स्पष्ट गुण आला. खासगी दवाखान्यांत मात्र सल्लागार नसलेल्या ठिकाणीही रुग्ण जवळजवळ तितकेच सुधारले. तेथील डॉक्टर आपल्या रुग्णाला नावाने ओळखतो, त्याचे घर जाणतो, त्याच्यासाठी चार मिनिटे जास्त थांबतो, हे त्याचे कारण असावे असा माझा तर्क आहे.

आमच्या जिल्हा परिषदांनी यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे नोंदणीपुस्तक आहे. त्यांच्या शेजारी तिसरे ठेवावे, गावातीलच दोन बायकांना शिकवून मानधनावर नेमावे, औषधभांडाराच्या बाजूची एखादी खोली रिकामी करून द्यावी, आणि तिचे दार आतून लागेल अशी कडी बसवून घ्यावी.